मेट्रन बाईची फुलकोबी

मेट्रन बाईला कोणी नमस्कार केला, तर ती आधी त्याच्या हातांकडे पाहायची आणि मग तोंडाकडे. हातात काय आहे, आणि काही नसेल तर आत्तापर्यंत कुठे होते हे हात, एवढं तिला नमस्कार घेण्याआधी समजून घ्यायचं असे. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून ते ती उजेडात धरी. पोस्टमनने पाकीट दिलं की आधी त्याची चिकटवलेली बाजू तपासे. गल्लीतलं मांजर फार वेळ चूप बसलं तरी म्हणे, "याने काहीतरी खाल्लं आहे." तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. पण आमच्या बाईसारखी नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

ती मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होती, म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरची. रिटायर झाल्यावर नागपूरच्या प्रताप नगरात प्लॉट घेऊन, दोन खोल्या बांधून एकटीच राहायला आली. त्या काळी प्रताप नगरात घरं कमी आणि तुरीची शेतं जास्त होती. पांढरं पातळ, वरून राखी स्वेटर आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा नाही, लेकरू नाही. लहान असो की मोठा, साऱ्या दुनियेला ती 'तू' म्हणे. माझी आई गेल्यावर मला 'तू' म्हणणारी तीच एक उरली. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे आणि घरी आल्यावर 'ती' म्हणत असे. आता लिहितानाही तेच ठेवतो. खोटा मान मला जमत नाही.

तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. "जो म्हणतो मी बरा आहे, त्यालाच आधी तपासायचं." दवाखान्यात म्हणे कण्हणारा पेशंट वाचतो आणि हसणारा रात्रीतून जातो. म्हणून गल्लीत कोणी "सब ठीक आहे बाई" म्हटलं, की ती चष्मा सरळ करून त्याच्यामागे लागत असे.

आता माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की संशय काय तो तिच्याच घरी होता. मी खापरखेड्याला पॉवर हाऊसमध्ये खलाशी होतो. दोर, साखळ्या आणि चेनपुली लावून जड वजन वर चढवणं हे आमचं काम. एक दिवस साखळी सुटली आणि माझ्या पायावर आली. नोकरी गेली, पाय अधू झाला, आणि मी बाईच्या शेजारच्या प्लॉटवर झोपडं टाकून बसलो. मध्ये फक्त काटेरी तार. त्यातून मी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला माणूस. आम्हाला आजवर ज्यांनी ज्यांनी सणाला बोलावलं, त्यांनी कशासाठी बोलावलं हे मला चांगलं ठाऊक होतं. उष्टी काढायला. म्हणून पहिल्याच नाताळाला बाईकडून तारेवरून करंज्यांची ताटली आली, तेव्हा मी बायकोला सांगितलं, "हात लावू नको वं. ही बाई आपल्याले तिच्या धर्मात ओढून राहिली."

बायको म्हणाली, "करंजी खाल्ल्यानं धरम जाते काय?"

"आपण आपला धर्म आपल्या हातानं घेतला. कोणाच्या करंजीपायी सोडणार नाही."

"तुमी नका सोडू. मी करंजी खातो," असं म्हणून तिने खाल्ली.

पण मी चूप बसणारा नव्हतो. तारेजवळ जाऊन तोंडावर विचारलं, "बाई, हे कायले पाठवलं? सरळ सांगा." बाईने माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला ख्रिस्ती करून प्रभूला काय मिळणार? पाय अधू, तोंड वाईट. ताटली परत कर. माझी आहे ती."

त्या दिवशी मला कळलं की ही बाई आपल्या जोडीची आहे.

पायाची जखम माझी बरी होत नव्हती. वरून खपली धरायची आणि आतून ठणकायची. मी लंगडत अंगणात फिरताना बाईने तारेपलीकडून पाहिलं. "बरा आहेस का?" मी म्हटलं, "बरा आहो." झालं. मला ओट्यावर बसवून तिने खपली काढली, लाल औषधाने जखम धुतली आणि पट्टी बांधली. पट्टीची गाठ मी पाहिली. चपटी होती, अंगाला लागून बसलेली. उजवं टोक डाव्यावर घ्यायचं, मग डावं उजव्यावर. मी हसलो. "ही गाठ आमच्या कामावर मारली असती, तर बॉयलरचा पाइप डोक्यात आला असता." बाई म्हणाली, "आणि तुझी गाठ माझ्या कामावर मारली असती, तर पेशंटच्या हाडात रुतली असती. चूप बस."

जखम भरताना खाज सुटते. मी गुपचूप पट्टी सोडून खाजवायचो आणि पुन्हा बांधून ठेवायचो. तशीच चपटी गाठ मारायचा प्रयत्न करायचो. सकाळी बाई येताच गाठीवर बोट ठेवी. "ही माझी नाही. ही वाकडी आहे. एकच टोक दोनदा वर घेतलंस." आयुष्यभर दोरखंडात हात गेलेला माणूस मी, पण या चिंधीभर पट्टीने मला रोज पकडून दिलं. ती सांगे की वाकडी गाठ मारणाऱ्या नव्या पोरींच्या बोटांवर ती लाकडी पट्टी मारत असे. "वाकडी गाठ सरकते. आणि सरकली की रक्त सुरू होतं. गाठीवरून मला पोरगी कळते." मीही हट्टाला पेटलो. पाय बरा होईपर्यंत मला ती गाठ आली. बाईने ते कबूल केलं नाही, एवढंच.

आता भाजीचं सांगतो. थंडी पडायला लागली की बाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. फुलकोबी, गाजर, मुळा, पालक, नवलकोल, मेथी, वाटाण्याचे वेल आणि कुंपणाच्या कडेने सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे सगळं एका जेवणासाठी. नाताळच्या दुपारी तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा तिच्याकडे जेवायला येत. ज्यांना सुटीत घरी जाता येत नाही त्या येत, आणि काही तर म्हाताऱ्या होऊन नातवंडं घेऊन येत. मटण बाजारातलं चालत असे, पण भाजी नाही. "नागपूरच्या बाजारात नाल्याच्या पाण्यावरची भाजी येते. विषमज्वराचे किती पेशंट मी उचलले आहेत, तुला माहीत आहे? जिचं मूळ मी पाहिलं नाही, ती भाजी माझ्या टेबलावर येणार नाही." असा तिचा कायदा. त्या टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर ती बसली की वाटे, अजून सगळा वॉर्ड तिच्याच ताब्यात आहे.

सगळ्यात मोठा जीव फुलकोबीवर. गड्डा धरला की ती भोवतालची पानं वर उचलून मिटवायची आणि जुन्या बँडेजच्या पट्टीने बांधायची. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो आणि झाकला की चुन्यासारखा पांढरा राहतो. पट्ट्या उकळून, वाळवून ठेवलेल्या असत. प्रत्येक गड्ड्यावर चपटी गाठ. डिसेंबरात तिचा वाफा पाहिला की वाटे, डोक्याला मार लागलेले पेशंट रांगेने बसवले आहेत. त्या गाठी म्हणजे तिचं सील होतं. कोणी हात लावला तर कळलं पाहिजे. रोज दोन वेळा ती वाफ्यातून हिंडत असे. त्याला ती 'राउंड' म्हणे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दिवाळीला तिची भाची आली होती. एस्तेर नाव, चांद्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि बाईच्याच हाताखाली शिकलेली. जाताना ती तारेजवळ थांबली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, मावशी एकटी राहते, मला भीती वाटते. परवा दूध चुलीवर ठेवलं आणि विसरली. विचारलं तर म्हणते मी बरी आहे. आता नाताळला येते तेव्हा नीट बघते. ठीक दिसली नाही तर चांद्याला घेऊन जाणार, घर विकून टाकणार." बाई मागेच उभी होती. म्हणाली, "आधी स्वतःचा ब्लाउज नीट शिव, मग मला तपास." पण एस्तेर गेल्यावर बराच वेळ ती फाटकाशी उभी राहिली. फाटकाला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी बाईचा आवाज आला. "खलाशी! इकडे ये!"

मी तारेजवळ गेलो. बाई वाफ्यात उभी होती. एका गड्ड्याची पट्टी तिने बोटावर धरली होती. "ही गाठ कोणाची?"

"मले काय माहीत?"

"ही वाकडी आहे. ही पण वाकडी. तीही. कोणीतरी रोज माझा कोबी उघडतो आहे. बघ, पिवळा पडायला लागला."

"चोरला काय कोणी?"

"नाही. तेच तर. चोर असता तर नेला असता. हा उघडतो आणि परत बांधतो. वाकडी गाठ बांधतो." मग माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. "या गल्लीत माझी गाठ सोडून वाकडी बांधणारा माणूस मला एकच ठाऊक आहे."

रविवारचा दिवस होता. लोक ओट्यांवर ऊन खात बसले होते आणि सगळ्यांनी ऐकलं. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "बाई, मी गरीब आहो, चोर नाही. मले काय करायची तुमची कोबी? आमच्याकडे भाजी खातेत, तिले बँडेज नाही बांधत!" गल्ली हसली. बाई हसली नाही. म्हणाली, "पायाची पट्टीही सोडली नाही म्हणायचास."

घरी येऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "जाऊ द्या नं. म्हातारी बाई हाय." मी म्हटलं, "जाऊ कसं दिऊ? उद्या दुकानात गेलो तर लोक म्हणतीन, हा पाहा कोबीचोर." माझ्याकडे नावाशिवाय दुसरं काय होतं? पाय गेला, नोकरी गेली, एक नाव राहिलं होतं, आणि तेही आता भाजीच्या वाफ्यात पडलं होतं. ठरवलं, चोर धरायचा आणि बाईच्या फाटकाशी नेऊन उभा करायचा. कोण असेल? दूधवाल्यावर माझा डोळा होता. शेजारच्या मास्तराचा मुलगा फार नम्र होता, म्हणून तोही मनात होता. खरं सांगतो, बायकोवरसुद्धा एक क्षण संशय गेला. करंजी खाणारी ती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आमच्या अंगणात चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं आणि घोंगडी पांघरून धुरामागे बसलो. धुकं होतं. बाईचं दार उघडलं. बाई बाहेर आली, राखी स्वेटर, डोक्याला मफलर. पहिल्या गड्ड्यापाशी वाकली. गाठ सोडली, पानं उघडली, आत पाहिलं. गड्डा आहे ना, कोणी नेला नाही ना, एवढंच पाहत असावी. मग पानं मिटली आणि पट्टी घेतली. उजवं टोक डाव्यावर. तिथे ती थांबली. दोन्ही टोकं हातात धरून तशीच उभी राहिली, जसं कोणी तिला तिचंच नाव विचारलं आणि ते ओठावर येईना. मग तिने पुन्हा उजवंच टोक वर घेतलं, ओढलं आणि पुढच्या गड्ड्याकडे गेली.

मी पाहत राहिलो. पूर्ण रांग तिने तशी उघडली आणि तशी बांधली. सगळ्या वाकड्या.

त्याच दिवशी दुपारी पुन्हा राउंडला आली आणि पुन्हा ओरडली, "खलाशी! आज परत!" सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात ढोंग नव्हतं. ढोंग मी ओळखतो. माझा संशय काही लहान नाही.

बायकोला सांगितलं. ती लसूण सोलत होती, ती थांबली. "मंग सांगा नं बाईले. तुमचं नाव साफ होईन."

"सांगतो. सगळ्या गल्लीसमोर सांगतो."

"आणि एस्तेर आली म्हंजे?"

एस्तेर त्याच बाईच्या हातची पट्टी बोटांवर खाऊन शिकलेली. फुलकोबी काढायला वाकली की तिला एका नजरेत कळणार होतं. विसरलेलं दूध माणूस मान्य करत नाही, पण त्या गाठी तर रांगेने बांधून ठेवलेल्या होत्या. बाईचं घर, अंगण, टेबल, सगळं त्या वाकड्या गाठींवर टांगलेलं होतं. आणि माझं नावही त्यांच्यावरच. एक सोडवलं की दुसरं सुटत होतं.

बायको पुन्हा लसूण सोलायला लागली. खाली पाहूनच म्हणाली, "तुमाले येते म्हने ती गाठ."

नाताळ जवळ आला होता. बाई दुपारी चर्चमध्ये गाण्यांच्या सरावाला जायची आणि आल्यावर राउंड करायची. ती फाटकाला कुलूप लावून गेली की मी तार वर उचलून खालून सरपटायचो. अधू पाय आधी, मग डोकं. या वयात, कोणाच्या बापाला न भिणारा मी, भाजीच्या वाफ्यात गुडघ्यावर बसून गाठी सोडायचो आणि बांधायचो. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. जो आळ खोटा होता तो आता मी स्वतःच्या हाताने खरा करत होतो. कोणी पाहिलं असतं तर मी काय सांगणार होतो? बायको तारेजवळ तांदूळ निवडत बसे आणि गल्लीवर नजर ठेवी. बाईची चूल विझली आहे की नाही, तेही तीच खिडकीतून पाहून घेई.

संध्याकाळी बाई खूश. तारेवरून म्हणायची, "बघ, घाबरला चोर. आज सगळ्या गाठी माझ्या." मी म्हणायचो, "तुमच्या धाकानं." "धाक पाहिजेच," ती म्हणायची.

मग एक दिवस गाण्यांचा सराव लवकर संपला. मी वाकून गाठ ओढत होतो आणि मागून किल्ल्या वाजल्या. बायकोचं खोकणं मला ऐकू आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"तू," बाई म्हणाली.

मी उठलो. लंगड्या पायाने पळतं कोण? म्हटलं, "हो. मीच."

"रोज?"

"रोज."

"कशाला?"

खरं कारण जिभेवर होतं. आजवर खरं बोलायला मी कोणाची परवानगी घेतलेली नाही. पण त्या दिवशी तिच्या हातात गाण्याचं पुस्तक होतं आणि ती जरा धापत होती. मी म्हटलं, "पाहत होतो. अशी कशी पांढरी होते म्हणून."

बाई वाकली. मी नुकती मारलेली गाठ तिने दोन बोटांत धरली. उलटवून पाहिली. दोन्ही टोकं ओढली. गाठ बसली, सरकली नाही. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं आता गल्ली गोळा करते. ती सरळ झाली, माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाजीला हात लावायच्या आधी हात धुतलेस का?"

मी तारेखालून परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सरावाला गेली तेव्हा फाटकाला कुलूप नव्हतं. मी बायकोला म्हटलं, "हा फास आहे. पकडायले ठेवला." बायको म्हणाली, "मंग तारेखालून जा." मी गेलो नाही. फाटकातूनच गेलो, ताठ. फास तर फास.

एस्तेर नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आली. बाईने विळा, टोपली आणि खुरपं काढलं, आणि तारेवरून हाक मारली, "खलाशी, तू पण ये. माझ्या अंगणात कुठे काय आहे, हे चोराला जास्त माहीत." गाजरं मी उपटली. बायकोने मेथी आणि सांबार खुडला. वाटाणा बाई स्वतः तोडत होती, शेंग दाबून, आत दाणा आहे असं कबूल करवून घेऊन.

फुलकोबीकडे एस्तेर गेली. मी गाजराची माती झटकत होतो, पण डोळा तिकडे होता. ती पहिल्या गड्ड्यापाशी थांबली. गाठीवर बोट ठेवलं, जसं बाई ठेवायची अगदी तसंच. मग दुसरी पाहिली. मग रांगेच्या शेवटी जाऊन तिथली पाहिली. मी मनात म्हटलं, ही तिचीच भाची खरी.

"मावशी," ती म्हणाली, "हात अजून तसाच आहे गं तुझा."

"मग काय तुझ्यासारखा होणार?" बाई म्हणाली. हात तिने स्वेटरच्या खिशात घातले.

एस्तेरने पट्टी सोडली. आत गड्डा पिवळसर होता. दुसराही तसाच. तिच्या कपाळाला आठी पडली. "बांधलेला असून पिवळा? कोणीतरी उघडत होतं का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गाजरं खाली ठेवली. "मी," मी म्हटलं. "मी उघडून पाहायचो. बाईले विचारा. बाईनं मले रंगेहाथ पकडलं."

एस्तेरने बाईकडे पाहिलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "हाच आहे तो. याच्यावर नजर ठेव." आणि पुन्हा शेंगा तोडायला लागली. एस्तेरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या खिशात नवलकोल आहे. त्या नजरेची मला आजही चीड येते. पण चांद्याला जायची गोष्ट त्या नाताळात निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाला आम्हालाही बोलावलं होतं. जावं की नाही यावर मी सकाळभर भांडलो, एकटाच, कारण बायको तयार होऊन बसली होती. मला वाटलं होतं दारात पत्रावळ मांडतील. टेबलावर बसवलं, बाईच्या उजव्या हाताला. नर्सांना बाईने सांगितलं, "हा शेजारी. कोबीचोर आहे." सगळ्या हसल्या. मीही चोर म्हणून ताठ बसलो. पुलाव, मटण, मुळ्याची कोशिंबीर, गाजराचा हलवा. फुलकोबी-वाटाण्याचा रस्सा वाढताना बाईने वाडग्यातले पिवळे तुकडे शोधून शोधून माझ्याच ताटात घातले. "तू पिवळा केलास, तूच खा." मी खाल्ला. चवीला फरक नव्हता. तसं मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतरही काही थंड्या बाई तिथेच राहिली. फाटकाला कुलूप कधी लागलं नाही आणि तिने मला कधी आत ये म्हटलंही नाही. दुपारी ती सरावाला जायची, मी फाटकातून जायचो, ती आली की म्हणायची, "सगळ्या माझ्याच आहेत." मी म्हणायचो, "तुमच्याच." गल्लीत माझं नाव कोबीचोर पडलं ते पडलंच. लग्नाकार्यात लोक भाजीचं भांडं माझ्यापासून दूर ठेवून हसत. मी कोणाला काही समजावलं नाही. मी केलं ते बरोबरच केलं, आणि बरोबर केलेल्याचं समजावत बसणं मला आवडत नाही. माझ्या अंगणात फुलकोबी आजही लागते. पानं मिटून पट्टी बांधतो, चपटी गाठ मारतो, आणि बांधल्यावर दोन्ही टोकं ओढून पाहतो. दुसऱ्याच्या बांधण्यावर माझा भरवसा नाही.

शेवटी बाई न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, पण एस्तेर धावत आली आणि या वेळी ऐकायला तयार नव्हती. बाई म्हणाली, "मी बरी आहे." एस्तेर म्हणाली, "तूच शिकवलंस मावशी, जो बरा म्हणतो त्यालाच आधी तपासायचं." बाई चूप झाली. तिला चूप झालेली मी तेवढीच पाहिली.

जायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी आली. ओट्यावर अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं, ते बांधायचं होतं. एस्तेरने दोरी हातात घेतली. बाई खुर्चीवरून म्हणाली, "तू नको. खलाशाला दे."

मी बसलो. वजनाचं काम, म्हणून सवयीने आमच्या कामावरची गाठ घ्यायला लागलो.

"ती नाही," बाई म्हणाली. "माझी मार. येते तुला. त्या वर्षी सगळ्या वाफ्यात तुझीच होती."

मी वर पाहिलं नाही. एस्तेर माझ्यामागे उभी होती. ती वाकून माझ्या हातांकडे पाहू लागली. मी उजवं टोक डाव्यावर घेतलं, डावं उजव्यावर घेतलं. बाई पुढे वाकली, दोन्ही टोकं धरून ओढली. गाठ चपटी बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत एकदाच.

मी तिला धरून रिक्षापर्यंत नेलं. बसल्यावर मी नमस्कार केला. त्या दिवशी तिने आधी तोंडाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग जोडलेल्या हातांकडे.

"तेव्हा हात धुतले होतेस का?"

"धुतले होते, बाई."

"खोटं," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला चलायला सांगितलं.